माडीवरचं जलंब

कोकिळा लग्न होऊन खामगावात आली तोवर तिनं आगगाडी पाहिली नव्हती. साखरखेर्ड्याकडं रूळच नाहीत. चिखलीपर्यंत बैलगाडी आणि पुढं धुरळा खात सर्विस मोटर, अशी ती सासरी पोचली. त्यामुळं जन्मात तिनं पाहिलेली पहिली आगगाडी वीतभर लांबीची होती, आणि ती घराच्या माडीवर, फळ्यांवर पळत होती.

उत्तमराव बिजवर होते. चाळिशीला टेकलेले, शहराबाहेर काळी कसदार जमीन, घरात कापसाचे ढीग, राहायला विटांचं पक्कं घर. पहिली बायको रुख्मिणी वारून चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. इकडं कोकिळेची आई अंथरुणाला खिळलेली. तिची उस्तवार करता करता पोरीचं लग्नाचं वय निघून गेलं. आई गेली आणि बापानं वर्षाच्या आत हे स्थळ जमवलं. "माणूस भला आहे. फक्त बोलत नाही," एवढंच तो म्हणाला होता.

ते खरं निघालं. उत्तमराव रागवत नव्हते, ताटाला नावं ठेवत नव्हते, आणि बोलतही नव्हते. घर त्यांची आत्या झुंबरबाई चालवायची. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, कोरडी, कामसू बाई. तिनं पहिल्याच दिवशी कोकिळेला चूल, कोठी आणि विहीर दाखवली. जिना दाखवताना मात्र ती खालीच थांबली.

"वरतं उत्तमची गाडी आहे. झाडायले जाऊ नोको. चहा तेवढा नेऊन देत जाय."

पहिल्यांदा चहा घेऊन गेली तेव्हा कोकिळा दारातच थबकली. अख्ख्या माडीभर लाकडी घोड्यांवर फळ्या टाकलेल्या. त्यावर बारीक, दोऱ्यासारखे रूळ. हिरव्या रंगाचं इंजिन, मागं तीन डबे, डब्यांना काचेच्या खिडक्या. उत्तमराव उकिडवे बसून इंजिनाला चावी देत होते. चावी सुटली, किर्रर्र आवाज झाला आणि गाडी निघाली. ती एका बोगद्यात शिरली, दुसऱ्या बाजूनं निघाली आणि टिनाच्या एका स्टेशनासमोर येऊन आपोआप मंदावली.

"अगं बाई," कोकिळेच्या तोंडून निघून गेलं.

उत्तमरावांनी मान वर केली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं असावं. "ये," ते म्हणाले. "मुंबईहून पार्सल आलं. पाह्य."

मुंबईत विलायती खेळण्यांचं एक दुकान होतं. दर वर्षी तिथून रंगीत चित्रांचं पुस्तक यायचं. त्या साली गाडीसाठी काय काय नवं निघालं ते त्यात असायचं. उत्तमराव बोटं ठेवून मागवायचे. या खेपेला आले होते नवे दिव्याचे खांब, हात वरखाली होणारे दोन सिग्नल, काडेपेटीत मावतील असे शिशाचे उतारू, आणि टोकदार झाडांची एक पेटी. उतारू सगळे साहेब. टोप्या, छत्र्या, एकाच्या हातात कुत्र्याची साखळी. झाडांवर पांढरं काही चिकटवलेलं.

"याच्यावर कापूस कशाला लावलाय?" कोकिळेनं विचारलं.

"कापूस नाही. बर्फ आहे तो."

ती हसली. हसल्यावर घाबरून तिनं तोंडाला पदर लावला. पण उत्तमराव रागावले नाहीत. झाड हातात फिरवत ते म्हणाले, "हाव. आपल्या इकडं कायचं बर्फ."

त्या पावसाळ्याच्या शेवटी विलायतेत लढाई सुरू झाली. कापसाच्या भावाची उलथापालथ झाली, मार्केटात रोज नवी अफवा उठू लागली. मुंबईच्या दुकानानं कळवलं की लढाई संपेपर्यंत नवा माल येणार नाही, आहे तो संपला. उत्तमराव त्या दिवशी माडीवर गेले आणि चावी न देता नुसते बसून राहिले. चहा निवून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कोकिळेला ते पाहवेना.

परसात शेपू बियाण्याला सोडलेला होता. तिनं त्याचे वाळलेले तुरे तोडले. डिंकाच्या पाण्यात बुडवले, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची वस्त्रगाळ भुकटी वर भुरभुरली आणि कपाशीच्या पऱ्हाटीच्या काडीत एकेक तुरा खोचला. लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्या गाड्या आणि पोळ्याला मातीचे बैल करण्यात तिचा हात धरणारं साखरखेर्ड्यात कोणी नव्हतं. आईच्या उशाशी बसून बसून ती ती कला विसरली होती, पण बोटं विसरली नव्हती.

चहाच्या कपाशेजारी तिनं ते झाड ठेवलं.

उत्तमरावांनी ते उचलून खिडकीतल्या उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"बाभूळ आहे," ते म्हणाले.

"हो."

"अजून करशील?"

इथून त्या दोघांचा संसार सुरू झाला, असं कोकिळेला वाटलं. पुढं कधी तिला या दिवसांची आठवण झाली की ती स्वतःशी कबूल करायची की तेवढं सुख तिला आधी मिळालं नव्हतं. दुपारची झाकपाक झाली की ती माडीवर जायची. घोसाळ्याची वाळकी जाळी हिरवी रंगवून तिनं शेतांची कुंपणं केली. पोत्याचं तरट चुन्याच्या आणि मातीच्या राबडीत भिजवून वाळवलं, त्याचे डोंगर झाले. रुळांखाली टाकायला विटेचा चुरा मैद्याच्या चाळणीनं चाळला. झुंबरबाईनं चाळणी हातात घेऊन कपाळाला हात लावला. साहेबांच्या टोप्या उत्तमरावांनी कानशीनं घासून काढल्या आणि कोकिळेनं मेणाची पागोटी बसवली. कुत्र्याच्या साखळीवाल्या साहेबाचा तर तिनं शेळी घेऊन जाणारा बाप्या केला. रुईच्या गाठी केल्या, गाड्या केल्या, जू टाकून रवंथ करत बसलेले बैल केले. शेंगदाण्याएवढा बैल, पण त्याला वशिंड होतं आणि शिंगांना रंग होता.

उत्तमराव बोलू लागले होते. सिग्नलचा हात पडला म्हणजे काय, सांधा कसा बदलतात, मालगाडीच्या डब्याला वाघीण का म्हणतात, हे सांगायचे. म्हणायचे, "तुह्या हाताले जादू आहे." एकदा मार्केटातून येताना त्यांनी तिच्यासाठी रंगाऱ्याकडून रंगाच्या पुड्या आणल्या, आणि त्याच कागदात गजरा होता. कोकिळेनं तो माळला आणि दिवसभर मान जपून हलवली.

मग हळूहळू त्यांचं मागणं बदललं.

आधी ते म्हणायचे, चार झाडं कर, एखादी विहीर कर. आता म्हणू लागले, "इथं निंब पाहिजे. एक फांदी मोडलेली, या बाजूची." मग, "निंबाखाली बाकडं. लाकडी. पाठीले तीन पट्ट्या." त्यांनी टिनाचं विलायती स्टेशन उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्या जागी कौलारू छपराचं, दोन दारांचं स्टेशन करायला सांगितलं. पाण्याची टाकी, रांजणांची पाणपोई, फलाटाच्या टोकाला उभी असलेली एक ढकलगाडी. कडूबा नावाचा जुना सालदार होता, उत्तमराव त्याला वर बोलावून विचारायचे, "रांजण इकडं होता का तिकडं?" कडूबा मुंडासं खाजवत काहीतरी सांगायचा आणि लगबगीनं खाली उतरायचा. एक रांजण कोकिळेनं तीनदा हलवला.

"हे कोणतं गाव आहे?" तिनं विचारलं.

"जलंब," उत्तमराव म्हणाले. "आपली गाडी तिथं मोठ्या लाइनीले मिळते."

मग एका दुपारी त्यांनी सांगितलं, "एक बाई कर. बाकड्यावर निजलेली. हिरवं लुगडं. उशाशी गाठोडं."

कोकिळेनं केली. बोराएवढ्या मातीच्या गोळ्याची, गुडघे पोटाशी घेतलेली. लुगड्याला तिनं आपल्या मनानं पिवळे काठ दिले. उत्तमराव म्हणाले, "काठ लाल." तिनं लाल केले. त्यांनी ती बाई दोन बोटांत धरून बाकड्यावर ठेवली, डोकं अकोल्याच्या बाजूला करून, आणि मागं सरून पाहत राहिले. त्या दिवशी गाडीला चावी दिली नाही.

"कोण आहे ही?"

"कोणी नाही. फलाट रिकामा बरा नाही दिसत."

पण बाकीचे उतारू त्यांनी एकेक करून उचलून डब्यात ठेवून दिले. पागोटेवाले, शेळीवाला, सगळे. फलाटावर ती एकटीच उरली.

माघात झुंबरबाईनं शेगावला दर्शनाला जायचं काढलं आणि कोकिळेला सोबत घेतलं. खरी आगगाडी तिनं तेव्हा पाहिली. खामगावच्या फलाटावर इंजिनानं वाफ सोडली तेव्हा ती झुंबरबाईच्या पाठीमागं लपली, आणि डब्यात बसल्यावर मात्र खिडकीतून तोंड काढून लहान पोरीसारखी बघत राहिली. जलंबला उतरायचं होतं; पुढची गाडी यायला अवकाश होता. हातातली पिशवी सावरत ती फलाटावर उतरली आणि चार पावलांवर तिचे पाय थांबले.

हे सगळं तिनं केलेलं होतं. कौलारू छप्पर, दोन दारं. टाकी. रांजण, तिसऱ्यांदा हलवला तिथंच. मोडक्या फांदीचा निंब आणि त्याखाली बाकडं. जे दोन बोटांत मावत होतं ते एवढं थोरलं होऊन तिच्याभोवती उभं होतं, आणि तिला वाटलं की आता वरून कोणीतरी वाकून आपल्याकडं बघतंय. ती बाकड्याकडं सरकली.

"तिथं बसू नोको," झुंबरबाई म्हणाली.

"कामून?"

गाठोडं निंबाच्या मुळाशी ठेवून झुंबरबाई जमिनीवर टेकली. मग, बाकड्याकडं न पाहता, म्हणाली, "रुख्मी याच्यावरच गेली."

कोकिळा तिच्या शेजारी बसली. दसऱ्यापासून रुख्मिणीच्या पोटात दुखत होतं. काढे झाले, शेक झाला. शेवटी खामगावच्या डॉक्टरानं सांगितलं की पोट कापावं लागेल, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. ऐन कापसाची सुगी. गाड्या मार्केटात उभ्या, भाव चढलेला, उद्या राहील की नाही याचा नेम नाही.

"उत्तम म्हणाला, तुम्ही अन् कडूबा तिले घेऊन पुढं व्हा. म्या माल इकतो अन् मांगच्या गाडीनं येतो. त्याले तरी काय माहीत, बाई? आम्हाले कोणालेच माहीत नव्हतं. इथं उतरलो तवा तिचं दुखणं एकदम थांबलं. म्हणाली, आत्याबाई, मोकळं वाटून राह्यलं. आम्हाले वाटलं, देव पावला. मंग घाम फुटला. हात गार पडले."

एक हमाल ढकलगाडी घेऊन त्यांच्यासमोरून गेला. तो दूर जाईपर्यंत झुंबरबाई थांबली.

"तिची मान अकोल्याकडं होती. मले म्हणाली, माही मान फिरवा, खामगावच्या बाजूनं करा. म्हटलं, कायले व? तर म्हणे, ते येतीन तवा दिसतीन. मंग म्या अन् कडूबानं तिले उचलून फिरवलं. तिकडं पाहत होती. जराशी शिटी वाजली की म्हणे, आले का? मालगाडी असली तरी म्हणे, आले का? अशीच पाहता पाहता गेली. डोळे म्या मिटवले, अन् उत्तमले कळू नये म्हणून तिची मान परत अकोल्याकडं केली."

"आणि हे?"

"मांगच्या गाडीनं आला. बोलल्यापरमाणं आला. त्यानं इचारलं, काही बोलली का? म्या म्हटलं, नाही, झोपीतच गेली. कडूबालेही तेच सांगायले लावलं." झुंबरबाईनं कोकिळेचं मनगट धरलं. हात चिपाडासारखा कडक होता. "तुले सांगितलं कारण तू त्याची बायको आहेस. त्याच्या कानावर घातलं तर माही शपथ आहे तुले."

शेगावात कोकिळेनं काय पाहिलं, काय मागितलं, तिला पुढं काही आठवलं नाही.

घरी आल्यावर ती काही दिवस माडीवर गेलीच नाही. चहा कडूबाकडं पाठवायची. तिला उत्तमरावांचा राग आला होता, आणि राग करायला काही जागाही सापडत नव्हती. ते तिच्याशी खोटं बोलले नव्हते. कधी म्हणालेच नव्हते की हे तुझ्यासाठी आहे. शेपूचं पहिलं झाड तिनंच आणून ठेवलं होतं. आपल्या हातानं आपण सवतीचं मरण मांडत गेलो, रांजण तीनदा हलवला, काठ पिवळ्याचे लाल केले, आणि आपल्याला वाटत राहिलं की आपला संसार रांगेला लागतोय. विहिरीवर पाणी शेंदताना तिला हे आठवायचं आणि दोर हातातून निसटायचा. तो गजरा कोनाड्यात सुकून पडला होता. तो तिनं चुलीत टाकला.

पण राग फार दिवस टिकला नाही. तिच्या डोळ्यांपुढं ती मान फिरवून घेणारी बाई सारखी येत होती. आई जाताना कोकिळा उशाशी होती. आईला कोणाची वाट पाहावी लागली नव्हती. या बाईसाठी काहीतरी करावं, असं तिला वाटू लागलं. सवतीसाठी असं वाटू नये हे तिला कळत होतं. तरी वाटत होतं. आणि माणसांसाठी करण्यासारखं तिच्या हातात एकच होतं.

तिनं माती मळली आणि एक पुरुष केला. बाकड्याच्या कडेला टेकून बसलेला, जरासा वाकलेला. पागोटं, कोट, पायात वहाणा. उत्तमराव बसले की उजवा खांदा थोडा पडायचा, तोही केला. दोन दिवस सावलीत वाळवला, रंगवला आणि पदराखाली घेऊन ती जिना चढली.

उत्तमराव खिडकीशी बसले होते. ती आलेली पाहून त्यांचा चेहरा उजळला. तेवढं पाहूनही तिला वाईट वाटलं. ती काही न बोलता पुढं झाली आणि तो पुरुष तिनं बाकड्याच्या कडेला, निजलेल्या बाईच्या पायाशी बसवला.

"हा कोण?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुम्ही."

ते उठून जवळ आले. वाकून पाहिलं. पडलेला उजवा खांदा त्यांना ओळखता आला असावा, कारण त्यांचा हात आपोआप आपल्या खांद्याकडं गेला. मग त्यांनी तो पुतळा उचलला आणि अगदी हळू, मोडू नये असा, फळीबाहेर खिडकीत ठेवला.

"मी तिथं नव्हतो," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मंग कायले करायचं? जे नाही ते नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कोरडा पडला होता. "म्या त्या दिवशीची एकेक वस्तू जिथली तिथं ठेवली. टाकी, रांजण, गाडी. कडूबाले इचारून इचारून ठेवली. मी कुठं ठेवू मले? मार्केटात?"

खाली झुंबरबाई डाळ पाखडत होती, त्याचा आवाज एका लयीत वर येत होता.

"तुले आत्यानं सांगितलं," ते म्हणाले.

"हो. शेगावला जाताना."

"काय सांगितलं?"

तिनं बाकड्याजवळचा विटेचा चुरा बोटानं सारखा केला.

"कोकिळे, ती काही बोलली होती का? मले खरं सांग. आत्या म्हणते झोपीत गेली. कडूबाही तेच म्हणते, पण सांगताना माह्याकडं पाहत नाही."

तिला शपथ आठवली. नाही म्हणणं सोपं होतं; एक मान हलवायची, बस. पण हा माणूस इतकी वर्षं मनातल्या मनात आणि आता एकेक रांजण हलवून तेच विचारत होता, आणि दोन माणसं त्याच्याकडं न पाहता उत्तर देत होती. तिसरं आपण होणं तिच्यानं झालं नाही. बोलवतही नव्हतं. तिनं हात पुढं केला, त्या मातीच्या बाईला दोन बोटांत धरलं, उचललं आणि उलट बाजूनं ठेवलं. डोकं खामगावच्या बाजूला. तोंड रुळाकडं.

उत्तमरावांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ते कळताना तिनं पाहिलं, आणि आपण काय केलं ते तिला तेव्हा उमगलं.

"वाट पाहत होती," ते म्हणाले.

"हो."

"किती वेळ?"

"ते नाही माहीत."

ते खाली उतरले. झुंबरबाईसमोर जाऊन ते जमिनीवरच बसले, तिच्या सुपाशेजारी.

"आत्याबाई, मले काऊन नाही सांगितलं?"

झुंबरबाईनं सूप थांबवलं. जिन्यावर उभ्या असलेल्या कोकिळेकडं एकदा पाहिलं.

"सांगून काय केलं असतं तू?" ती म्हणाली.

उत्तमरावांनी सुपातून सांडलेली डाळ गोळा केली, मूठभर, आणि परत सुपात टाकली. रडले नाहीत.

त्यानंतर ते माडीवर गेले नाहीत. कोकिळेला भाबडेपणानं वाटलं होतं की खरं कळलं की माणूस हलका होतो. तसं झालं नाही. पूर्वी दुपारच्या दोन घटका तरी ते कुठंतरी गुंतलेले असायचे. आता शेत, मार्केट आणि घर. जेवताना घास हातात धरून थांबायचे. गावात खामगावच्या गाडीची शिटी झाली की बोलता बोलता गप्प व्हायचे, आणि शिटी दिवसातून अनेकदा व्हायची. झुंबरबाई कोकिळेशी कामापुरतं बोलायची. "शपथ घातली होती तुले," एवढं ती एकदाच म्हणाली. मृगात तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. जाताना उत्तमराव उशाशी होते, तीन दिवस हलले नाहीत, मार्केटला गेले नाहीत. पण तिला शुद्ध नव्हती.

त्या पावसाळ्यात माडीची कौलं गळली. कोकिळा वर गेली तेव्हा डोंगर विरघळून तरट उघडं पडलं होतं, निंबाचा पाला वाहून फळीवर हिरवे ओघळ झाले होते, आणि रुळांवर तांबूस गंज होता. बाकड्यावर नुसता मातीचा गोळा उरला होता. तिनं भांडी आणून गळतीखाली ठेवली. डागडुजी केली नाही. घरात आता दोघंच होती, आणि भिंतींना त्यांच्यापेक्षा जास्त आवाज होता.

दिवाळीनंतर ती म्हणाली, "मी थोडे दिवस साखरखेर्ड्याला जाऊन येते."

उत्तमराव लगेच म्हणाले, "जाय." इतक्या लगेच की तिला लागलं. ते स्वतः तिला पोचवायला आले. लढाईमुळं पेट्रोल महागलं होतं; कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर चढावर थांबायची, उतारूंनी उतरून ढकलायची. उत्तमरावांनीही खांदा लावला. साखरखेर्ड्याला पोचल्यावर त्यांनी सासऱ्याकडं पाणी घेतलं, जेवण घेतलं, आणि निघताना म्हणाले, "संक्रांत झाली की न्यायले येतो."

कोकिळेला माहेरी बरं वाटलं, हे तिला लपवता आलं नाही. भाऊ अर्जुनराव, त्याची बायको, तूर सोलायला जमणाऱ्या बाया. कोणी हसलं की ती हसायची. वहिनीनं विचारलं, "नवरा कसा आहे?" ती म्हणाली, "भला आहे." मग ती पुन्हा तूर सोलू लागली. आपण परत गेलोच नाही तर काय, हा विचार तिच्या मनात एकदा आला. आला तो जाईना. खामगावच्या त्या घरात तिची म्हणावी अशी एक वस्तू नव्हती.

संक्रांतीला अजून बरेच दिवस होते. ती अंगणात राख लावून भांडी घासत होती. कवाड वाजलं. तिला वाटलं भाऊ आला. मान वर केली तर उत्तमराव उभे. पागोटं धुळीनं भरलेलं, वहाणा हातात. एकीचा अंगठा तुटला होता. चिखलीहून पुढं बैलगाडी मिळाली नव्हती. ते चालत आले होते.

"काय झालं?" ती घाबरून उठली. "तब्येत?"

"नाही, काही नाही."

"मग? कापूस आला असेल घरात. मार्केट सुरू झालं असेल ना?"

"सुरू झालं." ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. काहीतरी ठरवून बोलायचं असावं, पण ते सापडत नव्हतं. "कापूस कडूबावर टाकला. म्हटलं... आधीच यावं."

कोकिळेचे हात राखेनं भरलेले होते. आनंद झाला असं तिला म्हणता येईना. तो चेहरा तोच होता, गालफडं आणखी आत गेलेली. त्या घरातलं सगळं सुनेपण तो बरोबर घेऊन आला होता. ही गर्दी, ही तूर सोलणं, हे हसणं आता संपलं, असं तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरले. कशानं भरले ते तिला सांगता आलं नसतं.

"पाय धुवा," ती म्हणाली. "रक्त येतंय अंगठ्यातून."

ते ओसरीच्या पायरीवर बसले. तिनं हात धुतले, तांब्या आणला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं. पायांवरची धूळ निथळून अंगणात ओहळ झाला.

"आज राहू इथं," उत्तमराव खाली पाहत म्हणाले. "उद्याही राहू. तुले पाहिजे तवा निघू."

तिनं दुसरा तांब्या भरून आणला.